हेरिंगच्या डोक्यांचा काढा

"थांब, थांब! ती ओळ परत वाच," मागून कुणीतरी ओरडलं.

राल्फ टुलिपने चष्मा नाकावर सारला. ब्रॅकनहोपच्या खाणकामगार क्लबात तो लीक-प्रदर्शनाच्या समितीचा अध्यक्ष. एरवी वर्तमानपत्रसुद्धा मागच्या, घोड्यांच्या शर्यतीच्या पानापासून वाचणारा गडी. आज मात्र त्याच्या हातात कवितांचं पुस्तक होतं, निळ्या पातळ पुठ्ठ्याचं, आणि रविवारच्या भर दुपारी बिअरच्या काउंटरला टेकून तो ते खणखणीत आवाजात वाचत होता. मंडळी तोंडापाशी नेलेले ग्लास तसेच धरून ऐकत होती. गावातल्या एडविन स्टोबार्टच्या कविता न्यूकॅसलच्या कुणीतरी छापल्या याचं कौतुक कुणाला नव्हतं असं नाही, पण कान टवकारायचं कारण वेगळं होतं. कवितेचं नाव होतं 'जोडीदार'. एडविनचा खाणीतला जोडीदार कोण, हे त्या क्लबात कुणाला सांगावं लागत नव्हतं. तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता.

टुलिपने परत वाचलं:

"हेरिंगच्या डोक्यांचा काढा
बादलीने नेतो संध्याकाळी,
मातीला पाजतो,
आणि माती तो त्याला
पांढरा करून परत देते."

"हेरिंग!" जॉस चार्लटन टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "च्यायला, हेरिंग माशाची डोकी! आणि आम्ही बसलोय मेंढरांच्या लेंड्या गोळा करत!"

सगळ्यांच्या माना एकदम कोपऱ्याकडे वळल्या. लान्स हिंडमार्शने ग्लास उचलला आणि सावकाश, अगदी तळापर्यंत प्यायला. बोलायला लागू नये म्हणून त्याला दुसरं काही सुचलं नाही.

रेल्वेच्या रुळांपलीकडे जमिनीच्या पट्ट्या आखलेल्या होत्या, आणि ब्रॅकनहोपचा जवळपास प्रत्येक पुरुष तिथे लीक लावायचा. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ, पण मनगटापेक्षा जाड आणि दुधासारखा पांढरा. सप्टेंबरात क्लबात प्रदर्शन भरे, परीक्षक बाहेरगावाहून येत, आणि ज्याचे लीक सगळ्यांत थोर ठरत तो वर्षभर गावात छाती काढून चाले. म्हणूनच उन्हाळा लागला की गावातला एकमेकांवरचा विश्वास उडायचा. लोक आपल्या चरांवर गोणपाट टाकत. सख्खे भाऊ कुंपणावरून वाकून बोलताना एकमेकांच्या बादलीत नाक खुपसत. आणि लीकना काय पाजतो हे तर माणूस मरतानाही सांगत नसे. सांगितलंच तर मुलाला, तेही कानात.

लान्सच्या बापाने लान्सच्या कानात सांगितलं होतं. तेव्हापासून पहिलं बक्षीस बहुतेक वर्षी हिंडमार्शांच्याच घरी जात होतं. टुलिपने एकदा आपल्या बायकोला साखर मागायच्या निमित्ताने लान्सच्या स्वयंपाकघरात पाठवलं होतं. ती वाटीभर साखर घेऊन आली आणि म्हणाली, "पत्र्याचा टब आहे, चूल आहे, आणि मी आत पाऊल टाकताच ऑड्रीचं तोंड वाकडं झालं. दुसरं काही नाही." टुलिप त्या बाईवर आठवडाभर चिडला होता. खरं तर तिने पाहायचं ते सगळं पाहिलं होतं.

युद्धानंतर खाणीच्या तोंडाशी न्हाणीघर झालं. गरम पाण्याचे फवारे, साबण, टॉवेल सगळं आलं. पाळी सुटली की माणसं गोरीगोमटी होऊन घरी जाऊ लागली. एकटा लान्स मात्र तसाच काळाठिक्कर घरी जायचा आणि चुलीपुढच्या टबात बसायचा. गावात यावर नाना तर्क होते. कुणी म्हणे पाठ धुतली की कणा कमजोर होतो या जुन्या समजुतीतला आहे, कुणी म्हणे अंगावर दाखवण्यासारखं नाही काहीतरी. लान्स कुणाचं काही खोडत नसे. अंधार पडायच्या आत तो टबातलं काळं, फेसाळ पाणी बादलीत भरी, वर गोणपाट टाकी आणि रुळांपलीकडे निघे. कोळशाची धूळ, घाम, साबण आणि चुलीची राख, हेच त्याचं खत होतं. बापाचंही हेच होतं.

हे गुपित ऑड्रीला माहीत होतं, कारण पाणी तीच तापवायची. आणि एडविनला माहीत होतं. लान्सच्या पायावर दगड पडला तेव्हा महिनाभर ती बादली एडविननेच वाहिली होती. दुसऱ्या कुणावर विसंबायचं नाही हे त्या दोघांनी खाणीत शिकून घेतलं होतं. एकाच थरात, एकाच कुशीवर पडून, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं कोळसा फोडला होता. एडविन काम करता करता ओठांतल्या ओठांत काही पुटपुटे आणि बोटाने लाकडी टेकूवर टिचक्या मारी. लान्सला वाटे, हा डोक्यावरच्या छताचा आवाज घेतोय, म्हणून तोही श्वास रोखून गप्प राही. एडविन कविता करतो हे पुढे उघड झालं तेव्हा लान्स भडकला होता.

"म्हणजे इतकी वर्षं छताकडे कुणाचंच लक्ष नव्हतं?"

"होतं की," एडविन म्हणाला होता. "दोन्हीकडे होतं."

आता एडविनची छाती कोळशाच्या धुळीने भरली होती. त्याला खाणीतून घरी बसवलं होतं. बहीण हेस्टर त्याचं करायची. सगळं गाव चढावर वसलेलं, त्यामुळे दाराबाहेर पडलं की त्याला धाप लागे. सपाट जमीन काय ती रुळांपलीकडची. हेस्टर त्याला रोज हाताला धरून तिथपर्यंत सोडायची, आणि मग तो आपल्या पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत राहायचा. चार पावलं टाकायची, थांबायचं, कुंपणावर टिचक्या मारायच्या. तो कागदावर काही लिहीत नसे. कविता डोक्यात पुरी झाली की हेस्टरला म्हणून दाखवी, आणि ती घरी जाऊन लिहून काढी. श्वास तोकडा पडत गेला तशा त्याच्या ओळीही तोकड्या होत गेल्या. लंडनच्या कुणा जाणत्याने त्या आखूड ओळींची फार तारीफ केली होती म्हणे. हेस्टर ते वाचून उठून स्वयंपाकघरात गेली होती.

लान्सला मात्र गेलं वर्षभर एडविनचा संशय येत होता. न्यूकॅसलहून रेडिओवाली बाई मोटारीतून यायला लागली तेव्हापासून. मिस फेअरली. लांब हात, मोठा टेपरेकॉर्डर, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटावं. कवी काय करतात, लान्स विचार करी. जे असतं ते विकतात. मग एडविनकडे विकण्यासारखं आहे काय? घर कंपनीचं, छाती गेलेली. म्हणजे आम्हीच. त्या दुपारी टुलिपने कवितेचं नाव वाचलं तेव्हा लान्सने दार किती पावलांवर आहे ते बघून ठेवलं. आता न्हाणीचं पाणी भर क्लबात सांडणार, असं त्याने मनाशी धरलं. आणि आली हेरिंगची डोकी.

सुटलो, असं त्याला वाटलं. घरी पोचेपर्यंत त्या सुटकेचाही त्याला संशय यायला लागला.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून तो तसाच, काळ्या तोंडाने, एडविनच्या पट्टीवर गेला.

"माझ्यावर कविता केलीस."

"केली."

"विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास," एडविन म्हणाला. तो कुंपणाला धरून उभा होता.

"हेरिंग कुठून आणलंस?"

"समुद्रातून."

"एडविन, मस्करी नको. खोटं का घातलंस?"

एडविनला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत लान्स त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. उबळ गेली तसा एडविन कुंपणाला धरून पुढे चालायला लागला. आणि उत्तर मागायला लान्सला जरा भीतीच वाटली, कारण खोट्याचा फायदा त्यालाच होणार होता.

झालाही. त्या आठवड्यात जॉस चार्लटनने त्याला खाणीत उतरणाऱ्या पाळण्यात गाठलं. "ताजी लागतात का रे डोकी? की खारवलेली चालतात?"

"कवीला विचार," लान्स म्हणाला.

"म्हणजे खरं आहे तर!"

लान्स हसला नाही आणि नाही असंही म्हणाला नाही. बस्स, एवढंच. ब्रॅकनहोपमध्ये एवढं पुष्कळ झालं.

नॉर्थ शील्ड्सहून मासे घेऊन येणारी गाडी त्या उन्हाळ्यात धड चौकापर्यंत पोचत नसे. हेरिंग ज्यांच्या घरात कुणी खात नव्हतं तेसुद्धा खोक्यांनी डोकी नेत. बायका कटकट करत, कारण काढा त्यांच्याच चुलींवर उकळत होता. ताजी मिळाली नाहीत तेव्हा मंडळींनी खारवलेली घेतली. मग मांजरं आली. आधी गावातली, मग शेजारच्या गावातली. रात्रभर ती चर उकरत, लीक मुळासकट उपटून टाकत आणि सकाळी कुंपणावर बसून जांभया देत. मांजरांतून जे वाचले ते मिठाने गेले. पाती पिवळ्या पडल्या, बुंधे आतून सडले. टुलिपचे लीक ऑगस्टात बोटांनी दाबले तरी पाणी सोडत होते.

सप्टेंबरात प्रदर्शन भरलं. टेबलं अर्धी रिकामी होती. लान्सचे लीक मधोमध उभे होते, भरदार आणि डाग नसलेले, आणि परीक्षक त्यांच्याभोवती टेप घेऊन फिरताना मागे कुणी टाळीही वाजवली नाही. पहिलं बक्षीस सोफा होता. हिरवा, झालरीचा. ऑड्रीने जुनी खुर्ची आधीच बाहेर काढून ठेवली होती.

सोफा दारात यायच्या आधी क्लबात समितीची नोटीस लागली. दुसऱ्याच्या लीकचं जाणूनबुजून नुकसान करणाऱ्याचं नाव समिती कायमचं कापते आणि पट्टी काढून घेते, असा जुना नियम. तो चाकूने दुसऱ्याचे लीक चिरणाऱ्यांसाठी केलेला. यंदा तो एडविन स्टोबार्टला लावायचा घाट होता.

"कवितेने लीक चिरले म्हणतात," लान्स घरी येऊन म्हणाला. तो टबात बसला होता आणि ऑड्री त्याची पाठ घासत होती.

"मग चिरलेच की. जॉसच्या बायकोच्या घराला अजून वास येतोय."

"पट्टी गेली तर तो चालणार कुठे? फाटकाच्या आत सभासदाशिवाय पाऊल टाकू देत नाहीत. घरात बसून त्याला ओळ सुचत नाही, ऑड्री. मरेल तो."

ऑड्रीचा हात थांबला. "तुझ्या मनात काय आहे ते कळतंय मला. लग्न होऊन आले तेव्हापासून हा काळा टब उपसतेय मी. सगळ्यांचे नवरे धुऊनपुसून घरी येतात. मी कधी बोलले?"

"रोज बोलतेस."

"बाहेर बोलले का? उद्या तू क्लबात माझी न्हाणी काढलीस तर सगळं गाव म्हणेल, हिंडमार्शांच्या घरात अंगधुणं साठवतात. मला दुकानात उभं राहायला तोंड उरणार नाही."

लान्सने गुडघ्यांवर हनुवटी टेकवली. पाणी निवत चाललं होतं. बापाने कानात सांगितलं तेव्हा बापाच्या तोंडाला येणारा तंबाखूचा वास त्याला अजून आठवत होता. आणि त्याच्या डोक्यात आणखी एक किडा वळवळत होता. एडविनने खोटं घातलं ते माझ्यासाठीच कशावरून? टुलिपशी त्याचं शाळेपासून वाकडं होतं. गावाची फजिती करायची म्हणूनही घातलं असेल. आणि तसं असेल, तर मी बापाची ठेव कशासाठी उधळायची?

समिती क्लबाच्या मागच्या खोलीत बसली. टुलिप मध्ये, जॉस बाजूला, आणखी दोघेजण भिंतीशी. एडविनला खुर्ची दिली होती. जिना चढून आल्यामुळे बराच वेळ त्याला बोलताच येईना, आणि समितीला वाट बघत बसावं लागलं. निळं पुस्तक टेबलावर उघडं पालथं पडलं होतं.

"साधा प्रश्न आहे, एडविन," टुलिप म्हणाला. "लान्स हेरिंगची डोकी घालतो की नाही?"

"कविता आहे ती, राल्फ."

"ते दिसतंय. खरी की खोटी?"

खरी म्हटलं तर लान्सला उलटतपासणीला उभं करतील, खोटी म्हटलं तर स्वतःच्या हाताने नाव कापून घेतल्यासारखं. एडविन खिडकीबाहेर बघत राहिला, आणि बोटांनी खुर्चीच्या हातावर टिचक्या मारत राहिला. जॉस त्या बोटांकडे संशयाने बघत होता.

"बघा, बघा. आताही जुळवतोय काहीतरी. आपल्यावरच असणार!"

"तुझ्यावर नाही, जॉस," एडविन हळूच म्हणाला. "तुझ्यावर म्हणजे फार लांबलचक होईल. एवढा श्वास नाही मला."

भिंतीशी बसलेला एकजण हसला आणि टुलिपने बघताच खोकला. "चला, हात वर करा," टुलिप म्हणाला.

"थांबा," लान्स म्हणाला.

तो दाराशी उभा होता. टोपी हातात घेऊन पुढे आला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की जॉसने कानाला हात लावला.

"मी घालतो ते सांगतो. माझ्या बापाचं आहे. एडविनला माहीत होतं आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाही. ते सांगावं लागू नये म्हणून त्याने हेरिंग घातलं. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. मी गप्प बसलो. नुकसान माझ्यामुळे झालंय." मग त्याने टोपी टेबलावर ठेवली. "मी अंघोळीचं पाणी घालतो. खाणीतून आल्यावरचं. म्हणून घरी धुतो."

एडविनने मान वळवून पहिल्यांदाच लान्सकडे पाहिलं. ते पाहणं लान्सला पुढे कित्येक दिवस झोपू देणार नव्हतं.

आणि मग जॉस फसकन हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अंघोळीचं पाणी! अरे, मग माझी म्हातारी सोमवारी धुणं धुऊन ओतते त्यावर तर ओक वृक्ष उगवायला हवेत!"

"आधी हेरिंग," टुलिप दातओठ खात म्हणाला, "आणि आता अंगधुणं. म्हणजे पुढच्या वर्षी आम्ही सगळ्यांनी काळ्या अंगाने घरी जायचं, बायकांच्या शिव्या खायच्या, आणि लान्स हिंडमार्श दुसरा सोफा घेऊन जाणार. दोघं मिळून केलंय हे तुम्ही. काय मूर्ख समजलात आम्हाला?"

"राल्फ, मी आईची शपथ घेतो."

"ती बिचारी काय उठून नाही म्हणणार आहे!"

हात वर झाले. एडविनचं नाव कापलं गेलं. लान्सविरुद्ध काही सिद्ध करता येत नव्हतं, म्हणून सोफा त्याला द्यावाच लागला. आयुष्यभर जपलेली गोष्ट त्याने चारचौघांत काढून दाखवली होती आणि कुणी ती हातातसुद्धा घेतली नाही. अपमान नेमका कशाचा झाला हेच त्याला समजेना.

ऑड्रीला ते तो पोचायच्या आधीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पाळीवरून आला तेव्हा नव्या सोफ्यावर जुनी चादर अंथरलेली होती आणि चुलीपुढे टब भरलेला.

"लाज गेलीच आहे," ती म्हणाली. "पाणी तरी गार व्हायला नको."

प्रदर्शन झालं की लीकांचा रस्सा करून क्लबात सगळ्यांनी खायचा, ही रीत. त्या वर्षी लान्सने आपले लीक क्लबात दिले नाहीत. टोपलीत घालून ते हेस्टरकडे नेले. तिने मोठ्या पातेल्यात सगळे उकडले, बटाटे घातले, हॅमचं हाड घातलं, आणि तिघंजण चपटा स्टॉटी पाव बुडवून जेवायला बसली. एडविनने पहिला घोट घेतला, तोंडात घोळवला.

"तुझी अंघोळ चवीला बरी आहे, लान्स."

हेस्टरने "शी!" म्हटलं आणि चमचा खाली ठेवला, आणि मग तिघंही हसत सुटली. एडविनला हसणं परवडत नव्हतं तरी तो हसला. त्याचा श्वास जागेवर आल्यावर लान्सने विचारलं.

"आता तरी सांग. हेरिंग माझ्यासाठी घातलंस ना?"

एडविनने बशीतला पाव बराच वेळ कुस्करला.

"खरं सांगू? न्हाणीचं पाणी बसत नव्हतं ओळीत."

"बसत नव्हतं?"

"नाही बसलं. हेरिंग बसलं. घातलं."

लान्सचा चेहरा पडला. म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच. आपण बापाचं गुपित आणि ऑड्रीची अब्रू एका ओळीच्या मापासाठी घालवली. घरी जाताना तो स्वतःशीच म्हणाला की एडविन कधी खोटं बोलत नाही. मग त्याला वाटलं, का बोलत नाही? हेरिंगच्या वेळी बोललाच की. तो प्रश्न लान्स सगळा हिवाळा चघळत राहिला.

एडविनने फाटकाच्या आत परत पाऊल टाकलं नाही. टुलिपने नवं कुलूप लावलं होतं. लान्सने आपली किल्ली पुढे केली तर एडविन म्हणाला, "नको. तुझंही कापतील." तो खिडकीशी बसायचा. बोटं मांडीवर असायची, पण लान्सने नीट पाहिलं होतं, ती हलत नव्हती. फेब्रुवारीत, बर्फ वितळायला लागलं त्या आठवड्यात, तो गेला.

अंत्यविधीनंतर चॅपलमागच्या दालनात चहा आणि हॅमचे सँडविच होते. क्लबातले सगळे आले होते. टुलिपसुद्धा आला होता आणि काळ्या टायमध्ये अवघडून उभा होता. लान्स हेस्टरला चहा घेऊन गेला. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"हेस्टर, त्याला काही विचारायचं राहून गेलं माझं," तो म्हणाला. आणि स्वतःचाच राग येऊन थांबला. माणूस पुरल्या दिवशीही आपल्या डोक्यातून संशय जात नाही, याची त्याला शरम वाटली.

"अंघोळीच्या पाण्याचं?" ती म्हणाली. "ती ओळ तर झाली होती."

"काय?"

"झाली होती. तीच आधी झाली. त्याने पट्टीपाशी म्हणून दाखवली मला, मी लिहायलाही घेतली होती. मग म्हणाला, नको लिहूस. ही लान्सची आहे. तो लिहून ठेवत नाही, तर आपण कशाला ठेवायची." तिने कप घेतला. "मला पाठ आहे. ऐकायची आहे?"

लान्स नुसता तिच्या शेजारी बसला. हेस्टरने एडविनसारखंच थांबत थांबत, खालच्या आवाजात म्हटलं:

"दिवसभराचा काळोख
अंगावरून उतरवतो,
बादलीने नेऊन
मातीला पाजतो,
आणि माती तो त्याला
पांढरा करून परत देते."

लान्स टोपीकडे बघत बसला. त्याला कवितेतलं काही कळत नव्हतं, पण हे कळलं. तो रडला, सगळ्यांसमोर, आणि त्याने तोंड लपवलं नाही.

थोड्या वेळाने मिस फेअरली त्याच्याजवळ आली. तिचे डोळेही लाल होते. रेडिओवर एडविनवर कार्यक्रम करायचा होता तिला, आणि ती फार अदबीने बोलत होती.

"मिस्टर हिंडमार्श, तुमच्यावरची कविता मला सगळ्यांत आवडते. फक्त एक मला कधी उलगडलं नाही. माती काढा पांढरा करून परत देते, म्हणजे तो काळा असणार. पण हेरिंगच्या डोक्यांचा काढा काळा असतो का? तुम्ही खरंच तेच घालता?"

टुलिप बाजूलाच सँडविच खात होता. त्याचं चावणं थांबलं. हेस्टरने मान वर केली आणि लान्सकडे बघत राहिली.

"हो बाई," लान्स म्हणाला. "हेरिंगचीच डोकी. आणि काळा म्हणजे अगदी काळाकुट्ट असतो. एडविनने बरोबर लिहिलंय."

तिने त्याचा हात हातात घेऊन आभार मानले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बादली घेऊन रुळांपलीकडे गेला. आपल्या पट्टीपाशी थांबला नाही. एडविनची पट्टी अजून कुणी घेतली नव्हती. तिथे काही लावलेलं नव्हतं, नुसती ओली, उघडी माती होती. लान्सने गोणपाट काढलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार पावलं चालून थांबत, सगळी बादली तिथे ओतली. वर पाहिलं तर कुंपणापलीकडे राल्फ टुलिप उभा होता, मान लांब करून.

"काय ओतलंस रे तिथे?"

"अंघोळीचं पाणी."

टुलिपने काही वेळ त्याच्याकडे बघितलं, मग त्या काळ्या पडलेल्या मातीकडे.

"नको सांगूस," तो म्हणाला. "नको सांगायचं तर नको सांगूस."

लान्सने बादली उपडी करून राहिलेले थेंब झटकले, आणि फाटकाला नीट कुलूप लावून तो घरी गेला.